सूत्राआधी अंदाज : आठवी-नववीचं भौतिकशास्त्र घरातल्या वस्तूंनी कसं शिकवायचं

गतीची तिन्ही समीकरणं पाठ असलेल्या नववीतल्या मुलाला एक प्रश्न विचारून बघा. नाणं सरळ वर उडवलं. ते हातातून सुटलं आहे आणि अजून वर चाललं आहे. हवेचा विरोध सोडून दिला, तर या क्षणी नाण्यावर कोणकोणती बलं आहेत? बहुतेक मुलं दोन बलं सांगतात : खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण आणि वर नेणारं 'हाताचं बल'. हात तर कधीच मागे राहिला आहे. नाण्यावर आता एकटं गुरुत्वाकर्षण आहे. गंमत अशी, की तेच मूल ते नाणं किती उंच जाईल हे सूत्रात आकडे घालून बिनचूक काढतं.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या तिघांनी बलाच्या संकल्पनेवर एक बहुपर्यायी चाचणी तयार केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाहीच, साधे रोजचे प्रसंग आहेत. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी असे प्रश्न आपल्या वर्गाला दिले, तेव्हा अवघड गणितं सोडवणारे विद्यार्थी या साध्या प्रश्नांत अडखळले. त्यानंतर त्यांनी शिकवण्याची पद्धतच बदलली. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतल्या सुमारे साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र तपासले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत, सुधारणेला जेवढा वाव होता त्याच्या सरासरी २३ टक्के सुधारणा झाली. जिथे मुलं विचार मांडत होती, एकमेकांशी वाद घालत होती, तिथे ती ४८ टक्के होती.

यातून कुणी असा अर्थ काढेल, की रोजची उदाहरणं भरपूर द्यावीत म्हणजे झालं. मला तसं वाटत नाही. 'ढकलणं थांबलं की वस्तू थांबते' हा गैरसमज मुलाला रोजच्या अनुभवानेच दिलेला असतो. हातगाडी ढकलायची थांबलात की थांबते, हे त्याने शेकडो वेळा पाहिलं आहे. त्यामुळे उदाहरण सांगून भागत नाही. मुलाने आधी स्वतःचा अंदाज बांधायला हवा, तो कागदावर उतरायला हवा आणि मग वस्तूने त्याला उत्तर द्यायला हवं. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती आहे.

पायरी १ : धडा नव्हे, एक समज निवडा

'आज गतीचे नियम शिकवतो' असं ठरवून तास घेतला की तो सूत्राकडेच घसरतो. त्याऐवजी त्या धड्यातला मुलांच्या मनातला एक नेमका समज शोधा. नेहमी भेटणारे काही असे :

- गती टिकवायला सतत बल लागतं.
- जड वस्तू हलकीपेक्षा लवकर पडते.
- धातू मुळातच थंड असतो आणि लोकर मुळातच गरम असते.
- पाणी उकळल्यावरही गॅस मोठा केला की ते आणखी तापतं.
- बल्बमधून जाताना विद्युतधारा खर्च होते.
- जड वस्तू बुडतात, हलक्या तरंगतात.

एका तासाला एकच समज घ्यायचा. दोन घेतले तर दोन्ही अर्धवट राहतात.

पायरी २ : वस्तू मुलाच्या हातातली हवी

उदाहरण निवडताना मी तीन गोष्टी बघतो. मुलाने ती वस्तू स्वतः वापरलेली असावी. प्रयोगाचा निकाल मागच्या बाकावरूनही दिसावा. आणि निकालाबद्दल वर्गात मतभेद होण्याची शक्यता असावी. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच बहुतेक वेळा सुटते. सगळ्या वर्गाला आधीच माहीत असलेला निकाल दाखवण्यात तास घालवू नये.

पायरी ३ : अंदाज लिहून घ्या, आणि गप्प बसा

प्रश्न फळ्यावर लिहा, दोन-तीन पर्याय द्या. प्रत्येकाने वहीत पर्याय आणि एका ओळीचं कारण लिहायचं, शेजारच्याशी न बोलता. दोन मिनिटं पुरतात. मग हात वर करून मतं मोजा आणि आकडे फळ्यावर मांडा. आता शेजारच्याशी चर्चा, तीसुद्धा शक्यतो वेगळं उत्तर असलेल्याशी. मग पुन्हा मतमोजणी.

या सगळ्या वेळात शिक्षकाने चेहऱ्यावरूनही उत्तर कळू द्यायचं नाही. हे वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. मूल बरोबर बोलायला लागलं की आपली मान आपोआप हलते, आणि मुलं फळ्यापेक्षा आपल्या मानेकडे जास्त बघत असतात. चुकीचं कारणही 'आणखी कुणाला असं वाटतं?' म्हणून तितक्याच आदराने फळ्यावर घ्यावं. लिहिलेला अंदाज नंतर खोडायचा नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. या अंदाजाला गुण नसतात, हे कळलं की मुलं मोकळेपणाने लिहितात.

एक पूर्ण तास : कॅरम बोर्ड

समज : गती टिकवायला सतत बल लागतं. साहित्य : कॅरम बोर्ड, स्ट्रायकर, बोरिक पावडर, एक रबर बँड, दोन खिळे मारलेली फळी आणि मोजपट्टी.

खिळ्यांना रबर बँड अडकवून फळी बोर्डाच्या कडेला टेकवा आणि रबर मागे किती ओढायचा याची खूण करा. नुसत्या बोटाने मारलं तर 'सर, तुम्ही या वेळी जोरात मारलं' अशी शंका निघते, आणि ती रास्त असते. रबर दर वेळी एकाच खुणेपर्यंत ओढला की धक्का जवळजवळ सारखा बसतो. तो एवढाच ओढा, की स्ट्रायकर समोरच्या कडेला न आपटता मध्येच थांबेल.

आधी पावडर नसलेल्या बोर्डावर स्ट्रायकर सोडा. तो कुठे थांबला तिथे खूण करा, आणि विचारा : 'स्ट्रायकर का थांबला?' उत्तरं साधारण दोन प्रकारची येतात. एक, 'रबराने दिलेलं बल संपलं.' दुसरं, 'बोर्डाने अडवलं.' दोन्ही फळ्यावर लिहा.

आता खरा प्रश्न. पावडर टाकून तितकाच धक्का दिला तर स्ट्रायकर तेवढाच जाईल, कमी जाईल की जास्त? कॅरम खेळणाऱ्या मुलांना निकाल माहीत असतो, त्यामुळे इथे मतभेद निकालाबद्दल होत नाही, कारणाबद्दल होतो. म्हणून कारणावरच जोर द्या. 'बल संपलं' म्हणणाऱ्यांना विचारा : धक्का तोच होता, म्हणजे दिलेलं 'बल' तेवढंच होतं. मग पावडर टाकल्यावर ते उशिरा का संपलं? इथे वर्ग थोडा वेळ शांत होतो. ही शांतता मोडू नका. धक्का तोच आणि अंतर वेगळं, म्हणजे थांबण्याचं कारण धक्क्यात नाही, बोर्ड आणि स्ट्रायकर यांच्यामध्ये आहे, हे कुणीतरी मूल स्वतःच्या शब्दांत मांडतंच. तुम्ही वाक्य पुरं करायची घाई केलीत तर ते वाक्य तुमचंच राहील.

नंतरचा प्रश्न : पावडर आणखी चांगली असती तर? त्याहून चांगली? घर्षण अजिबातच नसतं आणि बोर्डाला कडही नसती तर? गॅलिलिओने उतारावरून सोडलेल्या गोळ्यांचा विचार याच रस्त्याने शेवटपर्यंत नेला होता. न्यूटनने १६८७ मध्ये त्याला नियमाचं रूप दिलं. बाहेरून बल लागलं नाही तर चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते, या पहिल्या नियमापर्यंत मुलं पोहोचली की लगेच १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर १ यानाबद्दल सांगा. ते आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललं आहे, आणि त्याला पुढे ढकलणारं इंजिन चालू नाही. 'जडत्व' आणि 'घर्षण' हे शब्द इथे येऊ द्या, त्याआधी नको. मुलांना जे म्हणायचं आहे, त्याला आता नाव मिळतं.

तासाच्या शेवटी नाण्याचा प्रश्न पुन्हा द्या. काही मुलं अजूनही 'हाताचं बल' लिहितील. त्यात निराश होण्यासारखं काही नाही, हा समज एका तासात जात नाही. पुढच्या आठवड्यात एसटीचं उदाहरण घ्या. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की उभा प्रवासी पुढे झुकतो. त्याला पुढे कुणी ढकललं? कुणीच नाही. पाय गाडीबरोबर थांबले, वरचं अंग आधीच्याच वेगाने पुढे चाललं होतं. रस्त्याकडेला उभं राहून खिडकीतून बघणाऱ्याला काय दिसेल, असं विचारलं की हे लवकर स्पष्ट होतं. 'पुढे फेकणारं बल' हा शब्दप्रयोग मात्र शिक्षकाने स्वतः कटाक्षाने टाळावा.

पायरी ४ : आधी काय दिसलं, मग का

प्रयोग झाल्यावर पहिलं वाक्य निरीक्षणाचं असावं. 'घर्षण कमी झालं' हे निरीक्षण नाही, 'पावडर टाकल्यावर स्ट्रायकर जास्त लांब गेला' हे निरीक्षण आहे. हा फरक उष्णतेच्या धड्यात फार उपयोगी पडतो. तिथला माझा सगळ्यात आवडता तास पोळपाट आणि पातेल्याचा आहे.

लाकडी पोळपाट आणि उलटं ठेवलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं आदल्या दिवसापासून वर्गात ठेवा. मुलांना दोन्हींना हात लावायला सांगा. पातेलं थंड लागतं, पोळपाट तितका नाही. प्रश्न : दोन्हींवर सारख्या आकाराचा बर्फाचा खडा ठेवला, तर कुठला आधी वितळेल? वर्गाचा मोठा भाग पोळपाट म्हणतो, कारण पातेलं 'थंड' आहे. होतं उलटंच. पातेल्यावरचा बर्फ बघता बघता वितळू लागतो आणि पोळपाटावरचा तसाच बसून राहतो. बर्फ घरून थर्मासमध्ये आणता येतो. स्टीलचं ताट वापरलं तरी चालतं, पण उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून सरस आहे, त्यामुळे फरक ठळक दिसतो.

आता तापमापी टेकवून दाखवा, की खोलीत पडून राहिलेल्या दोन्ही वस्तूंचं तापमान सारखंच होतं. हाताला कळतं ते वस्तूचं तापमान नसतं, हातातून उष्णता किती भराभर निघून जाते ते कळतं. ॲल्युमिनियम उष्णता चटकन वाहून नेतं, म्हणून हाताला गार लागतं आणि तेच बर्फाला उष्णताही चटकन पोचवतं.

समजलं का, हे तपासायला विदर्भातला मे महिना उत्तम आहे. चंद्रपुरात खोलीचं तापमान ४४ अंश आहे. पातेल्याला आणि पोळपाटाला हात लावला तर काय वाटेल? हाताच्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं, म्हणजे आता उष्णता वस्तूकडून हाताकडे वाहणार आणि पातेलं पोळपाटापेक्षा जास्त गरम लागणार. 'धातू थंड असतो' एवढंच पाठ केलेलं मूल इथे अडकतं, कल्पना समजलेलं मूल सुटतं.

त्याला जोडून माठ घ्या. माठाच्या भिंतीतून पाझरलेलं पाणी बाहेर वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. मग नागपूरला माठ आणि कूलर जसे काम करतात तसे मुंबईत का करत नाहीत? दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं. 'माठाच्या छिद्रांतून थंड हवा आत शिरते' असं अनेक घरांत सांगतात. ते तपासायला एका माठाला बाहेरून प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा, दुसरा तसाच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींचं तापमान मोजा.

विजेचा तास

इथे एकच सेल, एकच टॉर्चचा बल्ब आणि एकच वायर द्या आणि बल्ब पेटवायला सांगा. होल्डर देऊ नका. होल्डर दिला की परिपथ कुठून पुरा होतो हे झाकलं जातं. बल्बला दोन जागी स्पर्श करावा लागतो, हे धडपडीतूनच कळतं. मग दोन सारखे बल्ब एकसरीत जोडून विचारा, जास्त उजळ कोणता? 'पहिला' हे उत्तर हमखास येतं, कारण विद्युतधारा वाटेत खर्च होते असा समज असतो. दोन्ही सारखेच उजळतात. थोडा फरक दिसला तर बल्बची अदलाबदल करून दाखवा, फरक बल्बबरोबर जातो, जागेबरोबर नाही. सायकलच्या साखळीची उपमा इथे चांगली लागू पडते : साखळी सगळीकडे एकाच वेळी फिरते आणि कुठेही संपत नाही, पण पायाची ऊर्जा चाकापर्यंत पोचवते.

दुकानात साधे टॉर्च बल्ब हल्ली कमी मिळतात. लाल एलईडी वापरायचा तर दोन सेल आणि सुमारे १०० ओहमचा रोधक लागतो, आणि तो एकाच दिशेने जोडल्यावर पेटतो, हे आधी सांगा. सेलची दोन टोकं नुसत्या वायरने जोडू देऊ नका, वायर तापते. मोबाइलची बॅटरी आणि घरातला सॉकेट या प्रयोगांत अजिबात नको.

पायरी ५ : गणित येतं, पण पटीतून

गणित टाळा असं माझं मुळीच म्हणणं नाही. सूत्राआधी 'दुप्पट केलं तर काय होईल' हा प्रश्न यावा, एवढंच. स्कूटर ताशी २० ऐवजी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि ब्रेक तितकाच दाबला. थांबायला किती अंतर लागेल? मुलं दुप्पट म्हणतात. आता एकेक विचारा. वेग दुप्पट, म्हणून तो शून्यावर यायला वेळ दुप्पट. त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट. दुप्पट वेळ, दुप्पट वेगाने, म्हणजे अंतर चौपट. गतीच्या तिसऱ्या समीकरणातला वेगाचा वर्ग कुठून आला, हे मुलाला आता माहीत आहे. समीकरण यानंतर लिहा.

ऊर्जेसाठी विजेचं बिल आणायला सांगा. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. २००० वॅटचा गीझर अर्धा तास किंवा १० वॅटचा एलईडी दिवा १०० तास चालला की एक युनिट होतं. ५० किलोचं मूल ३ मीटरचा एक मजला चढलं, की गुरुत्वाविरुद्ध सुमारे १५०० ज्यूल कार्य होतं. म्हणजे एका युनिटच्या ऊर्जेत तो मजला २४०० वेळा चढता येईल. गुणाकार-भागाकाराखेरीज यात काहीच नाही, आणि ज्यूल केवढा लहान आहे हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

चुकीचा प्रयोग ओळखा

रोजच्या वस्तूंच्या नावाखाली काही चुकीची स्पष्टीकरणंही वर्षानुवर्षं चालत आली आहेत. बशीतल्या पाण्यात मेणबत्ती ठेवून वर ग्लास उपडा घातला, की ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. 'ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली' असं सांगतात. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून बघा. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच आहे, पण पाणी जास्त चढतं. शिवाय ते मुख्यतः ज्योत विझल्यानंतर भराभर चढतं. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावलेली असते, विझल्यावर ती थंड होऊन आकुंचते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. नवा प्रयोग वर्गात नेण्याआधी 'हे स्पष्टीकरण खरं असेल, तर काय बदलल्यावर निकाल बदलायला हवा?' हा प्रश्न स्वतःला विचारा आणि तो बदल घरी करून बघा.

वेळ आणि अभ्यासक्रम

सगळा अभ्यासक्रम या पद्धतीने होणार नाही, आणि तसा हट्ट धरूही नये. आरसे-भिंगांचे चिन्हसंकेत, एककांची यादी, उपकरणांच्या आकृत्या हे सरळ सांगून, सराव करून घ्यावं. वर्षातल्या पाच-सहा कल्पना निवडा आणि त्यांना भरपूर वेळ द्या. गतीचा पहिला नियम, उष्णता आणि तापमान यांतला फरक, परिपथ, घनता आणि तरंगणं, कार्य आणि ऊर्जा या निवडीपासून सुरुवात करता येईल.

साहित्य आणि कल्पनांसाठी मराठी शिक्षकाला फार दूर जावं लागत नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेचं मुलांसाठीचं विज्ञान केंद्र, मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांचे मराठी व्हिडिओ आहेत. मुंबईतलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र नेमकं याच प्रश्नांवर काम करतं. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या खेडेगावांतल्या शाळांत १९७२ पासून प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा मोठा उपक्रम चालला, त्याचं साहित्यही वाचण्यासारखं आहे.

पायरी ६ : परीक्षा

घटक चाचणीत निदान दोन प्रश्न बिनआकड्यांचे ठेवा, आणि निम्मे गुण कारणाला द्या. नमुन्यादाखल : स्टीलची वाटी तरंगते, पण त्याच स्टीलचा चमचा का बुडतो? कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, मग उघड्या पातेल्याखाली आच मोठी केल्याने तेवढीच लवकर का शिजत नाही? (कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं. उघड्यावर ते १०० अंशांच्या आसपासच राहतं, आच कितीही मोठी असली तरी.) दाराचा कोयंडा बिजागरीजवळ का बसवत नाहीत?

उदाहरणं सोडवण्याचा सराव यानंतर येतो आणि तो भरपूर करून घ्यायलाच हवा, कारण बोर्डाच्या परीक्षेत 'दिलेले', 'सूत्र', 'किमती घालून', 'एकक' या पायऱ्यांना गुण आहेत. त्यात एक पायरी आपली घाला. गणिताला हात घालण्याआधी उत्तर साधारण केवढं येईल, हे मुलाने समासात लिहायचं. मग सायकलचं त्वरण ४० मीटर प्रतिसेकंद वर्ग असं उत्तर आलं, तर वरून सोडलेला दगडसुद्धा १० च्या आसपासच त्वरणाने पडतो हे त्याला आठवतं, आणि ते स्वतःच मागे जाऊन चूक शोधायला लागतं.